जुना गेमिंग कॉम्प्युटर : भाग बदलावेत की नवा घ्यावा?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज एक चांगला, वजनदार कॉम्प्युटर आहे. दिवसा त्यावर बिले निघतात, एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनी उतरतात आणि रात्री मुले त्यावर गेम खेळतात. कॉम्प्युटर महाग पडला तो बिलांमुळे नव्हे, गेममुळे. हे आपल्यालाही ठाऊक असते. सात-आठ वर्षे झाली की एक दिवस मुलगा समोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "अब्बा, आता हा चालत नाही. नवीनच घ्या." आपण म्हणतो, "दुरुस्त करून घे." दोघेही अंदाजाने बोलत असतात. माझ्या घरी घाटकोपरला २०२५ च्या पावसाळ्यात हेच घडले. मी कापडाचा व्यापारी. या यंत्राचे शास्त्र मला येत नव्हते. पण ८५ हजारांचे कोटेशन हातात आल्यावर माल न तपासता पैसे देणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून दोन महिने चौकशी केली. जे हाती लागले ते येथे देतो.

आमचा कॉम्प्युटर २०१७ च्या उन्हाळ्यात घेतलेला. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ ७४००, मेमरी ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आणि साधी हार्ड डिस्क. त्या वेळी घाटकोपरहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने फिरून तो जुळवून घेतला होता.

पहिले काम : साफसफाई

काहीही विकत घेण्याआधी डबा उघडून पाहावा. आपल्या धंद्यात याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण कापडाचा आणि धाग्याचा बारीक तंतू हवेत उडत असतो. तो पंख्यातून आत जातो आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली चाल कमी करतो. मुलाला वाटते कॉम्प्युटर म्हातारा झाला. खरे तर त्याचा श्वास कोंडलेला असतो. आमच्या डब्यातून जे निघाले त्यात एका छोट्या उशीची सोय झाली असती! ब्लोअरने सफाई करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, मोकळे फिरू देऊ नये. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. दोन-तीनशे रुपयांचे हे काम आहे. याने आमचा गेम मध्येच अडखळण्याचा त्रास निम्मा कमी झाला. मुलगा मात्र यावर फारसा खूश दिसला नाही.

अडते कुठे ते पाहावे

कारखान्यात माल मागे पडला तर आपण काय करतो? कटिंग मास्टरच्या टेबलावर थान साचली आहेत की शिलाईच्या मशीनवाले कामाविना बसले आहेत, हे पाहतो. कटिंग मंद असेल तर आणखी दहा मशीन आणून उपयोग नाही; नवे कारागीरही बसूनच राहतील. गेमच्या कॉम्प्युटरचे अगदी असेच आहे. प्रोसेसर हा कटिंग मास्टर. खेळात काय घडते आहे त्याचा हिशेब तो करतो आणि काम पुढे देतो. ग्राफिक्स कार्ड हा शिलाई कारागीर. तो चित्र तयार करून पडद्यावर पाठवतो. दोघांपैकी जो मंद, त्याच्याच वेगाने सगळा माल निघणार.

कोण मंद आहे हे ओळखायला दुकानदाराची गरज नाही. गेममधली चित्राची प्रत, म्हणजे सेटिंग, सर्वात खाली आणावी. रिझोल्यूशनही कमी करावे. मग सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमचा आकडा पाहावा. आकडा भरपूर वाढला तर कार्डावर ओझे होते. कार्ड बदलून फायदा आहे. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर कार्ड निर्दोष आहे, प्रोसेसर किंवा मेमरी मागे पडते आहे. ही चाचणी फुकट आहे आणि हजारोंची चूक वाचवते.

आमच्या घरी या चाचणीचे दोन निकाल आले. मुलगा मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट खेळतो, त्यात सेटिंग उतरवूनही आकडा हलला नाही. म्हणजे दोष प्रोसेसरचा. शहरभर गाडी चालवण्याचा एक मोठा गेम होता, त्यात आकडा झपकन वाढला. म्हणजे तिथे कार्ड कमी पडत होते. मी विचारले, "यातला कोणता गेम तू रोज खेळतोस?" उत्तर त्यालाही ठाऊक होते. मुलगा एक गेम खेळतो आणि दुकानदार दुसऱ्याच गेमचे चित्र दाखवून कार्ड विकतो, असे होऊ देऊ नये.

हार्ड डिस्कचे वेगळे आहे. कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनिटे लागतात, बिल उघडायला वेळ लागतो, ही तक्रार असेल तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. याने गेमच्या फ्रेम वाढत नाहीत, पण सगळ्या कामात जीव येतो. शिवाय ती पुढच्या कॉम्प्युटरलाही लावता येते, म्हणून हा पैसा वाया जात नाही. मेमरीची पट्टी एकच असेल तर त्याच जातीची दुसरी जोडावी. दोन पट्ट्या मिळून प्रोसेसरला दुहेरी वाट मिळते.

बोर्डावर पुढे जागा आहे का?

माझ्या मते निर्णय कॉम्प्युटरच्या वयावर नसून येथे आहे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच आणि तिच्याभोवतीचा मदरबोर्ड कोणकोणते प्रोसेसर स्वीकारतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मुलुंडला माझा भाचा राहतो. त्यानेही २०१७ सालीच कॉम्प्युटर घेतला, पण एएमडी कंपनीचा, रायझन ५ १६०० आणि बी-३५० बोर्ड. दोन्ही यंत्रे एका वयाची आणि जवळपास एका किमतीची. आज त्यांचे नशीब वेगळे आहे. एएमडीने आपली एएम-४ ही खाच अनेक वर्षे चालवली. २०२२ साली तर तीनशे मालिकेच्या जुन्या बोर्डांवरही रायझन ५००० चे प्रोसेसर चालवण्याची सोय दिली. भाच्याने आपल्या जुन्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. बाकी कशालाच हात लावला नाही.

आमच्या इंटेलचे तसे झाले नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. खाचेचे नाव तेच, एलजीए ११५१. पण ते जुन्या बोर्डावर चालत नाहीत, त्यांना तीनशे मालिकेचाच बोर्ड लागतो. नाव एक पाहून प्रोसेसर उचलला तर पैसे फसले. आमच्या बोर्डावर फार तर सातव्या पिढीचा आय-७ ७७०० बसला असता आणि तिथे भिंत.

भिवंडीत आपण हेच पाहिले आहे. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तांत्रिक सुधारणा निधीची योजना आणली, तेव्हा प्रत्येक कारखानदारापुढे प्रश्न होता : जुन्या मागाला जोड द्यावी की नवा माग घ्यावा? साध्या मागाला डॉबी बसते, जॅकार्ड बसते, धागा तुटल्यावर थांबणारी कळ बसते. पण धोटा तो धोटाच. त्याची चाल रेपियरच्या चालीला लागत नाही. सांगाडा जिथवर साथ देतो तिथवरच जोड शहाणपणाची.

भाच्याच्या कामातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना जागेवर असतानाच, बोर्डाचे बायोस अद्ययावत करावे लागते. ते न करता प्रोसेसर बदलला तर पडदा काळाच राहतो. बायोस भरताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बसण्याची भीती असते, म्हणून हे काम यूपीएसवर करावे आणि पावसाच्या संध्याकाळी करूच नये.

विंडोजची मुदत

दुसरी भिंत मायक्रोसॉफ्टने घातली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा लागतो. भाच्याचा जुना १६०० त्यात बसत नव्हता, ५६०० बसला. आमचा ७४०० बसत नाही आणि ७७०० ही बसला नसता. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या घेण्याची वाढीव सोय दिली गेली, पण ती दिरंगाई आहे, उपाय नव्हे. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे जातात तो बिनसुरक्षेचा ठेवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावणे.

ग्राफिक्स कार्डालाही अशी मुदत असते. एनव्हीडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे आमचे कार्ड लगेच निकामी झाले नाही, पण त्याचे वयही मोजले गेले.

परवान्याचेही पाहावे. कॉम्प्युटरबरोबर आलेला ओईएम परवाना बोर्डाला बांधलेला असतो. बोर्ड बदलला की तो गेला. वेगळा घेतलेला रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. आमचा रिटेलचा होता म्हणून वाचलो. नसता तर त्याची रक्कमही हिशेबात धरावी लागली असती.

वर्षावर भागून पाहिलेला हिशेब

दुकानदाराने मला तीन रस्ते दाखवले. पहिला, जुन्या बोर्डावर वापरलेला आय-७ ७७०० बसवणे, ९ हजार. दुसरा, बोर्ड आणि प्रोसेसर नवे घेऊन बाकी सामान तेच ठेवणे. तिसरा, सगळेच नवे, ८५ हजार.

पहिला सर्वात स्वस्त दिसतो. पण विंडोजची मुदत पाहता तो एक वर्षाचा सौदा होता. म्हणजे वर्षाला ९ हजार आणि शेवटी हाती काही नाही. दुसऱ्यात इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय-५ १२४०० एफ आणि डीडीआर-४ मेमरीचा बोर्ड मिळून १७,८०० रुपये झाले. पाच वर्षे धरली तर वर्षाला ३,५६०. त्यात नवा एसएमपीएस ४,४००, एसएसडी ५,४०० आणि मेमरीची दुसरी पट्टी १,९०० मिळवली, एकूण २९,५००. पुढेमागे २५ हजारांचे कार्ड घेतले तर ५४,५०० होतील, म्हणजे वर्षाला १०,९००. तिसरा रस्ता सात वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला सुमारे १२,१००.

पाहा, कार्ड धरले की दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यात वर्षाकाठी फार मोठा फरक राहत नाही. हे कबूल केले पाहिजे. भाग बदलणे नेहमी अर्ध्या किमतीत पडते असे जे बोलले जाते ते खरे नाही. माझा फायदा दुसरीकडे होता. ५५,५०० रुपये त्या दिवशी हातात राहिले आणि पुढे सणाचा हंगाम होता. त्या पैशाचा माल घेतला. कॉम्प्युटरमध्ये घातलेला पैसा दरवर्षी घटतो, मालात घातलेला फिरतो. ज्याच्याकडे हंगामाची गरज नाही त्याने तिसरा रस्ता धरला तर मी त्याला चुकीचे म्हणणार नाही.

बोर्ड डीडीआर-४ चा घेण्यामागे कारण होते. एएमडीची नवी एएम-५ खाच फक्त डीडीआर-५ मेमरी घेते. तिकडे गेलो असतो तर जुनी पट्टी फेकावी लागली असती. इंटेलच्या बाराव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले. माझा हा निर्णय सुदैवी ठरला, कारण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकदम चढले. एआयच्या डेटा सेंटरकडे कारखान्यांचा माल वळला आणि किरकोळ बाजारात टंचाई आली. सुताचे भाव चढले की गोदामातले जुने थान सोने होते, तसे झाले. अशा दिवसांत आपल्याकडची चालू मेमरी जपणारा रस्ता आधी पाहावा.

प्रोसेसरच्या नावापुढचे 'एफ' हे अक्षरही पाहावे. त्याचा अर्थ, त्यात पडद्यासाठी अंगभूत ग्राफिक्स नाही; वेगळे कार्ड नसेल तर चित्रच येणार नाही. गेमसाठी ठीक, कार्ड असतेच. दुकानाच्या बिलांसाठी घेत असाल तर बिनाएफचा घ्यावा.

आणि कॉम्प्युटर डीडीआर-३ मेमरीच्या काळातला, म्हणजे दहा-बारा वर्षांचा असेल तर एवढा विचार नको. त्यातले डब्याशिवाय फारसे काही पुढे नेता येत नाही; तिथे नवीनच घ्यावा.

एसएमपीएसवर कंजुषी नको

काही वर्षांपूर्वी एका दुकानातून स्वस्तातला '५०० वॅट'चा एसएमपीएस घेतला होता. एका रात्री तो फट्कन वाजला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. तीन वर्षांच्या उधारीच्या नोंदी तिच्यात होत्या. तेव्हापासून मी डब्यावरचा मोठा आकडा पाहत नाही. बाजूच्या पत्रिकेवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहतो आणि बाराने गुणतो. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्डाला खरी वीज एवढीच मिळणार. थानावर छापलेला मीटर आणि गजाने मोजलेला मीटर यांत जो फरक, तोच हा.

कार्डाची भूक आधी जुळवून घ्यावी. १०५० टीआय ७५ वॅटचे आहे, त्याला वेगळी तार लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो तग धरेलच असे नाही.

वापरलेला माल, हप्ते आणि वही

वापरलेली कार्डे बाजारात बरीच आहेत. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या चलनाच्या खाणकामात ती रात्रंदिवस जुंपलेली असत; ते बंद झाल्यावर बाजारात उतरली. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण सिरियल नंबर, वॉरंटीची तारीख आणि मूळ बिल पाहावे. दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐकावा. विकणारा 'घरी नेऊन बघा' म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे.

'नो कॉस्ट' हप्त्यांबद्दल विचारणा होते. त्यात व्याज नसते असे नाही. ते किमतीच्या सवलतीत बसवलेले असते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बँक वेगळा लावते. शून्य टक्क्याच्या योजनांत व्याज दडवले जाते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बजावले होते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी रोखीचा भाव आधी विचारावा आणि टप्प्याटप्प्याने भाग घ्यावेत. भाग बदलण्याच्या रस्त्याचा हाही एक फायदा आहे.

बिल पक्के घ्यावे, कारण त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. फर्मच्या नावाने घेतलेल्या आणि धंद्यात वापरलेल्या कॉम्प्युटरवर जीएसटीची वजावट मिळते. आयकरात दरवर्षी उरलेल्या किमतीवर ४० टक्के घसारा मिळतो. पण मुलाच्या गेमसाठी घेतलेले कार्ड फर्मच्या वहीत घालू नये. खाजगी वापराच्या वस्तूवर ही वजावट कायद्याने मिळत नाही. मी बोर्डाचे बिल आणि भविष्यात घेतलेच तर कार्डाचे बिल वेगळे ठेवण्याचे ठरवले आहे.

डिझाइनचे काम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एम्ब्रॉयडरीचे जुने सॉफ्टवेअर पुष्कळदा डोंगलवर चालते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. आधी चौकशी करावी, मग विंडोज बदलावी. नाहीतर ऑर्डर अंगावर असताना मशीन उभे राहील. माझ्या थोरल्या भावाचा अंधेरीला साकीनाक्याजवळ एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे. त्याची हीच अडचण होती. आमचा उतरवलेला बोर्ड आणि ७४०० प्रोसेसर त्याने नेला. जुन्या डब्यात बसवून विंडोज १० आणि डोंगल त्यावर ठेवले, इंटरनेटची तार काढून टाकली. डिझाइनच्या डीएसटी फायली आता तिथे बनतात आणि पेनड्राइव्हवरून मशीनला जातात. मेलेली हार्ड डिस्क आणि फुटलेला एसएमपीएस मात्र भंगारात वजनावर दिला नाही. तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या हाती हा माल पडू नये म्हणून नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे दिला. त्याने पैसे जवळजवळ काहीच दिले नाहीत, पावती मात्र दिली.

मुलाचे व्हॅलोरंट आता सुरळीत चालते. कार्डाचा विषय तो दर पंधरा दिवसांनी काढतो. मी त्याला फ्रेमचे आकडे वहीत लिहून ठेवायला सांगितले आहे.